नागपुरात राहून म्युझिक जर्नालिझम जमते का? नोकरी सोडू का नको?

मानेवाडा_बीट्स

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू का नको करून राहिलो होतो, आज टाकतोच. वय २३, बीएस्सी झालं, मिहानमधल्या एका कंपनीत नाईट शिफ्टला आहे, सपोर्टचं काम. पगार असा की माझा खर्च भागतो अन घरी थोडे देता येतात, बस. पण डोक्यात चार-पाच वर्षांपासून एकच आहे की संगीतावर लिहायचं. गायचं नाही, वाजवायचं नाही, लिहायचं. मुख्य म्हणजे हिप हॉप, मराठी-हिंदी दोन्ही, पण आजोबांमुळे नाट्यसंगीत ऐकतच मोठा झालो म्हणून तेही आवडते, म्हणजे घरात एका खोलीत रॅप अन दुसऱ्या खोलीत नाट्यगीतं असा प्रकार आहे.

आता अडचण अशी की सुरुवात कुठून करू तेच समजत नाही. मुंबईत एका ठिकाणी वर्षभराच्या कोर्सचे साडेतीन लाख सांगितले. बाबा म्हणतात साडेतीन लाख देऊन गाणे ऐकायला शिकणार का. मी स्वतःहून अकरा ठिकाणी मेल टाकले, वेबसाईट, पेपर, मासिक सगळीकडे, एकाचंही उत्तर नाही, 'नको' असंही नाही. इंग्रजी वाचतो भरपूर पण लिहिताना अडखळतो. नोकरी सोडून पूर्ण वेळ ह्याच्यामागे लागू का? की पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होतच नाही?

मेलला जोडलेल्या सॅम्पलमधला एक परिच्छेद देतो, मोकळेपणाने सांगा:

"शनिवारी बजाजनगर येथील एका कॅफेत रंगलेल्या हिप हॉप संध्येत नवोदित रॅपर्सनी एकापेक्षा एक सरस सादरीकरण करत उपस्थितांना मंत्रमुग्ध केले. दमदार लिरिक्स, भन्नाट फ्लो आणि जबरदस्त एनर्जीने अवघे वातावरण भारावून गेले. नागपूरचे हिप हॉप आता कुठेच मागे नाही, हेच यातून सिद्ध झाले."

कोरडा_भात

भाऊ, वाईट वाटून घेऊ नको पण ज्या धंद्यात तू जाऊ पाहतो तो धंदाच बसला आहे. इंग्लंडचं संगीताचं साप्ताहिक एनएमई १९५२ ला सुरू झालं, २०१८ मध्ये छापील अंक बंद. पिचफोर्कसारखी संगीत समीक्षेची साईट, जिच्या रेटिंगवर बँडचं नशीब ठरायचं, ती २०२४ च्या जानेवारीत जीक्यू मासिकात विलीन करून टाकली अन बऱ्याच लोकांना घरी बसवलं. तिकडे ही गत तर मानेवाड्यात बसून काय होणार आहे. आता तर गाणं आलं की लोक डायरेक्ट ऐकतात, तुझा रिव्ह्यू वाचून कोण ऐकणार. सरकारी परीक्षा दे, गाणे कानात इअरफोन टाकून ऐक.

झाशीराणी_चौक

कोरडा भात ह्यांचे मुद्दे खरे आहेत, पण पोराने विचारलं काय अन उत्तर काय.

मी शहरातल्या एका मराठी पेपरात अकरा वर्षं होतो, त्यातली सहा सांस्कृतिक बीट, म्हणजे कार्यक्रमांच्या बातम्या, आता बाहेर आहे. तुझा परिच्छेद वाचला. सरळ सांगतो, ह्यात 'शनिवार' अन 'बजाजनगर' सोडलं तर एकही गोष्ट अशी नाही जी तुला घरी बसून लिहिता आली नसती. तू तिथे गेला होता हे मला तुझ्या लिहिण्यातून समजायला पाहिजे. हा दोष एकट्या तुझा नाही, आम्हीच हे वाढून ठेवलं आहे. संध्याकाळी सहाला आयोजकाचा माणूस प्रेसनोट घेऊन यायचा, कार्यक्रम आठला सुरू व्हायचा असायचा अन नोटेत 'रसिकांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली' आधीच लिहिलेलं. आम्ही खाली दीपप्रज्वलन कोणी केलं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले एवढं जोडायचो की झाली बातमी. गाणं बिचारं मधात दोन ओळीत.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, उघड्या मैदानावर शास्त्रीय गायनाची मैफल, मला त्याच दिवशी दुसरीकडे जायचं होतं म्हणून नोट उचलली अन टाकली. 'भैरवीने मैफलीची सांगता झाली' असं छापून आलं. रात्री नऊला धो धो पाऊस आला होता अन कार्यक्रम अर्ध्यातच गुंडाळला होता. सकाळी सव्वासातला एका आजोबांचा ऑफिसात फोन, म्हणाले "मी खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आलो, तुमच्या भैरवीच्या वेळी तुम्ही कुठे बसले होते?" आवाज चढवला नाही, काही नाही. संपादकांनी मला नंतर महिनाभर फक्त बाजारभाव लिहायला बसवलं. तेव्हापासून न ऐकलेल्या गाण्यावर एक शब्द लिहिला नाही.

आता मला सांग, त्या शनिवारी कॅफेत खरोखर काय झालं? मंत्रमुग्ध वगैरे बाजूला ठेव. लोक किती होते, आवाज कसा होता, तुला घरी येऊन काय आठवत राहिलं?

मानेवाडा_बीट्स

सर एवढं सविस्तर लिहिलं त्याबद्दल थँक्यू. मोजले नाहीत पण तीस-पस्तीस असतील, त्यातले अर्धे तर रॅप करणाऱ्यांचेच मित्र. माईक एकच होता, ज्याचा नंबर आला त्याने घ्यायचा. अन हो एक गोष्ट झाली, एका पोट्ट्याने बीट मोबाईलवरून लावला होता, जोरात चालू होतं अन मधातच त्याच्या आईचा फोन आला, बीट बंद अन रिंगटोन पूर्ण स्पीकरवर. सगळे हसून राहिले. पण तो थांबला नाही ना सर, त्या रिंगटोनच्याच ठेक्यावर चार ओळी मारल्या, आईवरच, फोन कट होईपर्यंत, मग बीट परत सुरू झाला तर बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आला. म्हणजे रॅपमध्ये सम म्हणत नाहीत पण तुम्हाला समजलं असेल.

झाशीराणी_चौक

अबे मग हे लिही ना! हे घरात ठेवून आम्हाला मंत्रमुग्ध वाढतो का?

अन 'सम' काढू नको, तसंच राहू दे. आजोबांच्या खोलीतून आलेला शब्द आहे तो, हिप हॉपवर लिहिणाऱ्या दहा जणांत नऊ जणांकडे नसतो.

नोकरीचं म्हणशील तर सोडू नको, निदान आत्ता नको. मला बाहेरच्या एका अंकासाठी लिहिलेल्या पहिल्या लेखाचे तीनशे रुपये मिळाले होते, तेही चार महिन्यांनी अन तीनदा आठवण करून दिल्यावर. सिव्हिल लाइन्समधल्या हॉलला ज्यांचं नाव आहे ते गायक डॉ. वसंतराव देशपांडे, नागपुरात शंकरराव सप्रे मास्तरांकडे शिकलेले, त्यांनी कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. अन गायकीच्या घराण्यांवरचं ज्यांचं लिखाण अजूनही लोक काढून वाचतात ते वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट. दिवसा आकडे, संध्याकाळी गाणं. अन आपल्या अमरावतीचे केशवराव भोळे 'एकलव्य' नावाने गाण्यावर लिहायचे, नंतर प्रभात फिल्म कंपनीत संगीत दिग्दर्शक झाले. हे सगळे कोर्स करून आले नव्हते. तुझी तर नाईट शिफ्ट आहे, गिग संध्याकाळी असतात, सुट्टीचा दिवस तेवढा सांभाळ.

कोर्स करायचाच असेल तर साडेतीन लाखांचा नको, आपल्या विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे, तिथली फी विचारून ये. अन आकाशवाणी नागपूर, १९४८ पासूनचं केंद्र आहे, तिथे कॅज्युअल अनाउन्सरच्या ऑडिशन निघत असतात त्यावर लक्ष ठेव. पैसे म्हणून नाही, तीस सेकंदात गाण्याबद्दल नेमकं काय सांगायचं ही सवय तिथे लागते.

लोअर_परळ_व्हाया_धंतोली

मी धंतोलीची, सात वर्षं झाली मुंबईत आहे, फ्रीलान्स, इंग्रजी साईट्ससाठी इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय निघणाऱ्या संगीतावर लिहिते, अधूनमधून मराठीतही. अकरा मेल गेले अन उत्तर नाही ह्यावर मी बोलते कारण ते माझं रोजचं आहे.

तुझा मेल न बघता सांगते, सुरुवात 'मला लहानपणापासून संगीताची आवड आहे' अशी असेल अन शेवटी 'संधी दिल्यास सोनं करीन'. बरोबर ना? एडिटरला तुझी आवड नको असते रे, तिला शुक्रवारचं पान भरायचं असतं. म्हणून संधी मागू नको, एक विशिष्ट लेख देऊ कर. सब्जेक्ट लाइनमध्येच लेखाचं टायटल लिहायचं, आत चार-पाच वाक्यं, गोष्ट काय आहे, ती आत्ताच का, तू कोणाशी बोलू शकतो, किती शब्द, कधीपर्यंत देशील, खाली दोन लिंक. अटॅचमेंट कोणी उघडत नाही. आठवड्याने एकदा आठवण, दुसऱ्यांदा नाही, मग तीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणी. एकाच वेळी दोघांकडे टाकू नको, दोघांनी हो म्हटलं तर दोन्ही दारं बंद, मी ते करून बसले आहे एकदा. अन अल्बम आल्यावर दोन आठवड्यांनी रिव्ह्यू देऊ केला तर तो शिळा, टूर किंवा रिलीजची तारीख कळली की आधीच विचारायचं.

मोठ्या गिगचा पास हवा असेल तर आयोजकाच्या पीआरला, म्हणजे प्रसिद्धी सांभाळणाऱ्याला, दोन-तीन आठवडे आधी मेल, कुठे छापणार ते सांगून. फोटो काढायचे असतील तर बहुतेक ठिकाणी पहिली तीन गाणी अन फ्लॅश नाही हा नियम असतो, चौथ्या गाण्याला सिक्युरिटी हाताला धरून बाहेर काढते.

पैशाचं खरं सांगायचं तर माझं घरभाडं रिव्ह्यूमधून निघत नाही. ते निघतं कलाकारांच्या बायो, म्हणजे परिचय लिहिण्यातून, प्रेस रिलीज, पॉडकास्टच्या स्क्रिप्ट. पण एक रेष आखून घे, ज्या बँडचा बायो पैसे घेऊन लिहिला त्याचा रिव्ह्यू लिहायचा नाही. नागपूर लहान आहे, कोणी कोणाकडून किती घेतले हे लक्ष्मीनगरच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत पोहोचतं. पेमेंटमधून कधी दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच घेतलेला टॅक्स, कापलेला असतो, रिटर्न भरला अन टॅक्स बसत नसला तर परत येतो, सोडून देऊ नको, मी पहिली दोन वर्षं सोडला.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको, तुझं इंग्रजी सुधारायला एडिटर आहे, तुझे कान सुधारायला कोणी नाही. अन कोरडा भात साहेब, रॉक स्ट्रीट जर्नल हे भारतातलं रॉकचं मासिक १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालं होतं. मुंबईहून नाही, दिल्लीहून नाही.

कोरडा_भात

१९९३ मध्ये इंटरनेट नव्हतं ताई. मी फक्त खरं सांगितलं, ढोलकी तुम्ही वाजवा.

फेडर_खाली_कर

मी साउंडवाला आहे, २००९ पासून कन्सोलवर बसतो, त्याच्या आधी तबला वाजवायचो अजूनही घरी वाजवतो, म्हणजे तुम्ही लोक जे लिहिता ते मी दोन्ही बाजूंनी वाचून राहिलो आहे. लिहायची सवय नाही चूकभूल माफ.

पहिली गोष्ट पोट्ट्या साउंडचेकला येत जा. आठचा कार्यक्रम असला तर पाचला ये. पत्रकार साडेआठला येतात, पहिल्या रांगेत बसतात, चहा-समोसा झाला की निघतात, त्यांना वाटते गाणं तिथून सुरू होते. खरं गाणं पाचला समजते. मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये, कोण काय मागते, तानपुरा किती ठेवायला सांगते, कोण पोराच्या अंगावर ओरडते, कोण आम्हाला नावाने हाक मारते. तुम्हाला रात्री वाटते बाईंचा आवाज आज बसला होता, अन प्रॉब्लेम असते की हॉलच्या मागच्या भिंतीवरून आवाज परत येऊन राहिला आहे अन त्यांना स्वतःचा सूरच ऐकू येत नाही. ते लिहा ना कधी.

दुसरं, मोजायला शिक. एकदा विलंबित एकतालाला पेपरात 'विलंबित तीनताल' छापून आलं. अरे बारा मात्रा अन सोळा मात्रा, बोटावर मोजलं असतं तरी समजलं असतं. नाही समजलं तर कार्यक्रम संपल्यावर साथीदाराला विचार, मुख्य कलाकाराभोवती सेल्फीवाले असतात, तबलजी बिचारा एकटा हातोडी पिशवीत भरत असतो, तो खुशीने सगळं सांगते, ताल कोणता, बंदिश कोणाकडून आली, मधात काय गडबड झाली. तसंच भूप अन देशकार, दोन्हीत तेच पाच सूर. पण दिवाळी पहाटेला सकाळी सहाला कोणी धैवतावर वजन देऊन गाऊन राहिलं तर तो देशकार असते, भूप संध्याकाळचा, त्याचं वजन गंधारावर. लिहायच्या आधी एक फोन कर, कमीपणा नाही त्यात. मी आजही करतो.

तिसरी गोष्ट जी खरी सांगायची होती. तू हिप हॉप हिप हॉप करून राहिला, पण तुझ्या मानेवाड्यातून गणपतीत, दुर्गेत, लग्नात जे धुमाल जाते त्याच्यावर कोणी धड लिहिलं आहे का दाखव मला. गाडीवर बँजोवाला, कीबोर्ड, समोर ताशे, स्पीकरची भिंत. तो बँजो म्हणजे बुलबुल तरंग, त्याला पिकअप लावून अँपमध्ये टाकलेला, चाळीस रुपयांची तार तुटली की पोट्टा चालत्या गाडीवर बदलते अन गाणं थांबत नाही. पिक्चरचं नवीन गाणं आलं की दुसऱ्या दिवशी कानावरून बसवलेलं, नोटेशन बिटेशन काही नाही. पेपरात धुमाल कधी येते? डेसिबलची तक्रार झाली तेव्हा. तक्रार बरोबर आहे, माझ्याच म्हातारीला त्रास होते, पण वाजवणाऱ्याचं बोट कोणी पाहते का.

तसंच दीक्षाभूमीवर विजयादशमीला जा. पुस्तकांच्या स्टॉलसोबत गाण्याचेही स्टॉल. मी लहान होतो तेव्हा कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्हवाले. भीमगीतांचे गायक नवीन गाणे १४ एप्रिलच्या अन दसऱ्याच्या हिशेबाने काढतात, म्हणजे त्यांचं रिलीज कॅलेंडर तुमच्या त्या इंग्रजी साईटवाल्यांपेक्षा पक्कं आहे. अन दिवाळी झाली की वडशाकडे पूर्व विदर्भातले झाडीपट्टीचे नाटक सुरू, रात्रभर चालते, म्युझिकवाले स्टेजसमोर खाली बसलेले, ऑर्गन, तबला, ऑक्टापॅड, सगळं लाइव्ह, सीझनभर रोज दुसरं गाव. एक रात्र त्यांच्यासोबत बस अन मग मला सांग विषय नाही करून.

लोअर_परळ_व्हाया_धंतोली

फेडरभाऊ सगळं पटलं, धुमालचं तर मीच कुठेतरी विकीन म्हणते, पण एका गोष्टीवर भांडते. नागपूरच्या मुलाने नागपूरवरच लिहायचं हे काय? मला मुंबईत सुरुवातीला सगळे म्हणायचे 'तू विदर्भाची आहेस ना, लोकसंगीतावर लिही'. मला सिंथ पॉपवर लिहायचं होतं. दोन वर्षं लागली सांगायला. ह्याला सेऊलच्या बँडवर लिहायचं असेल तर लिहू दे, घरचं आहे म्हणून सोपं होत नाही अन लांबचं आहे म्हणून खोटं होत नाही.

फेडर_खाली_कर

लिहू दे ना ताई मी कुठे अडवलं. सेऊलच्या साउंडचेकला पाचला कसा पोहोचणार एवढंच म्हणतो.

झाशीराणी_चौक

हा हा. दोघेही बरोबर आहेत, पुढे चला. इन्स्टावर टाकत असशील तर एक लक्षात ठेव, समीक्षेसाठी गाण्याच्या दोन-चार ओळी उद्धृत करायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये मुभा आहे, पूर्ण गाणं उतरवून खाली 'सुंदर' लिहिलं तर ती समीक्षा होत नाही. अन कायदा काही म्हणो, रीलमध्ये क्लिप टाकली की ॲप आवाज बंद करू शकते, तिथे कोणी तुझं ऐकून घेत नाही. म्हणून मुख्य लिखाण स्वतःच्या ब्लॉगवर ठेव.

मुलाखतीत 'तुमची प्रेरणा कोण' विचारू नको. ह्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर प्रत्येकाकडे असते. रेकॉर्डर लावायच्या आधी विचार, अन दोन ठिकाणी रेकॉर्ड कर, माझा एकदा चाळीस मिनिटांनी सेल संपला होता.

मानेवाडा_बीट्स

शिफ्ट संपवून आत्ता वाचतोय सगळं. कोर्स कॅन्सल, नोकरी चालू, बाबा खूश आहेत पण मी त्यांना कारण सांगितलं नाही. काल पुन्हा लिहायला बसलो, सुरुवात अशी केली, बघा बरं:

"बजाजनगरच्या कॅफेत माईक एकच होता आणि रॅपर नऊ. सहावा उभा राहिला तेव्हा त्याच्या बीटमध्येच आईचा फोन आला. पस्तीस लोकांनी रिंगटोन ऐकली. तो थांबला नाही, रिंगटोन चार ओळी चालली तेवढ्या चार ओळी त्याने आईवर केल्या, फोन कट झाला, बीट परतला आणि तो समेवर उभा होता."

धंतोलीच्या ताईंनी सांगितलं तसं एका वीकेंड पुरवणीला चार वाक्यांचा मेल टाकला, टायटल दिलं 'आईचा फोन आणि सम'. अटॅचमेंट नाही. फेडरदादा शनिवारी पाचला कुठे येऊ ते मेसेज करा.

झाशीराणी_चौक

आता वाचावंसं वाटून राहिलं. 'पस्तीस' कशावरून? आधी तीस-पस्तीस म्हणाला होता, मोजले नाहीत असंही म्हणाला. कॅफेवाल्याला विचार खुर्च्या किती होत्या, नाहीतर 'तीसेक' लिही. त्या चार ओळी कुठे आहेत? त्याच्याकडून घे, त्याला विचारून छाप. अन आईने फोन का केला होता?

मानेवाडा_बीट्स

हे नाही विचारलं. थांबा लावतो त्याला.

मानेवाडा_बीट्स

लागला. खुर्च्या २८, बाकीचे उभे होते, म्हणून 'तीसेक'. ओळी व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, छापा म्हणाला फक्त आईला आधी वाचून दाखवतो. अन फोन दळणासाठी होता. चक्की नऊला बंद होते अन ह्याने गव्हाचा डबा सकाळीच ठेवून दिलेला, घरी पीठ नव्हतं. गिग दहाला संपला. त्या रात्री घरी खिचडी केली म्हणे.